कोणतं वय लिहू?

संध्याकाळी घरी गेले की सासूबाई विचारतात, "आज काय झालं गं ऑफिसात?" मी म्हणते, "काही नाही." लग्नाला दीड वर्ष झालं आणि नोकरीला सव्वा. रोजचं एक 'काही नाही' धरलं तरी आता ते इतकं साठलंय की कुठेतरी उतरवून ठेवायला हवं.

सासूबाईंना सांगत नाही, कारण त्यांच्या मते नव्या नवरीनं मूल नसलेल्या माणसांमध्ये दिवसभर बसू नये. आणि माझी नोकरी नेमकी तीच आहे. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका बंगल्यात आमची संस्था आहे. आईबाप नसलेली, सोडून दिलेली लेकरं मागच्या खोल्यांत राहतात. ज्यांना मूल दत्तक हवंय ती माणसं पुढच्या खोलीत येतात. त्यांचा अर्ज मी भरून घेते.

आम्ही चौघं. अधीक्षिका कमलताई, आया सखूबाई, मी आणि देशकरकाका. काकांची सगळी नोकरी सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गेली. निवृत्त झाल्यावर इथे येऊन बसले. कागद दाखवल्याशिवाय ते कुणाचं वय मान्य करत नाहीत. मला ते 'सूनबाई' म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धडा दिला, "माणूस खोटं बोलतो, सूनबाई. कागदाला तोंडच नसतं."

अर्जात रकाने खूप आहेत. धर्म, शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, लग्नाला किती वर्षं झाली. पण किस्से येतात ते एकाच रकान्यातून. वय.

* * *

माझ्या पहिल्याच आठवड्यात कामठीकडचे एक गृहस्थ आले. धोतर, कोट, मांडीवर पिशवी. मी विचारलं, "वय?"

ते म्हणाले, "कोणतं पाहिजे?"

मी नवी. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. "म्हणजे?"

"म्हणजे शाळेतलं, खरं, का माह्या सासऱ्याले सांगतलं थे?"

देशकरकाकांनी मानही वर केली नाही. "तिन्ही लिहून घ्या, सूनबाई. सगळ्यात जास्त असेल ते धरू."

गृहस्थ हसले. त्यांची बायको हसली नाही. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. बहुधा खरं वय वेगळं आहे हे तिला आजच कळलं होतं.

* * *

आमच्या समितीचा नियम असा की तान्हं मूल हवं असेल तर नवऱ्याचं वय पंचेचाळिसाच्या वर नको. नियम वाईट नाही. मूल दहावीला जाईल तेव्हा बाप हिंडता-फिरता असावा, एवढाच त्याचा अर्थ. पण आपल्याकडे माणसाला मूल नाही हे मान्य करायलाच पंधरा वर्षं लागतात. आधी डॉक्टर, मग वैद्य, मग देव, मग नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज. आमचं दार शेवटचं. तिथवर पोचेतो माणूस पंचेचाळिसाला टेकलेला असतो.

मग युक्त्या. गेल्या मे महिन्यात एक जोडपं समितीपुढे मुलाखतीला आलं. साहेबांचे केस कोळशासारखे काळे. नागपूरचा मे, त्यात आमचा कूलर नेमका त्या दिवशी बंद. पहिल्या प्रश्नाला साहेबांच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या प्रश्नाला कानामागून एक काळा ओघळ निघाला आणि पांढऱ्या कॉलरवर उतरला. समितीतल्या बाई घर किती खोल्यांचं आहे ते विचारत होत्या. सगळ्यांची नजर कॉलरवर.

त्यांच्या बायकोनं पदराचं टोक जिभेला लावलं आणि सगळ्यांसमोर तो ओघळ पुसला. लहान मुलाचं तोंड पुसतात तसा. मग समितीला म्हणाली, "एकोणपन्नास. मी सांगतच होते ह्यांना."

उठताना साहेब मला म्हणाले, "बाई, आरसा आहे का कुठे?"

* * *

भाऊराव आणि शेवंताबाई आले ते मृग बहाराची संत्री उतरायच्या दिवसांत, म्हणजे गेल्या वर्षी फेब्रुवारीत. नरखेड तालुक्यातलं गाव, संत्र्याचा बगीचा, खाऊनपिऊन सुखी. एस.टी.नं आले. भाऊराव उंच, सावकाश बोलणारे. शेवंताबाईंच्या पिशवीत वर संत्री, खाली एक झबलं. हातशिलाईचं, पांढरं, गळ्याला निळा दोरा.

"आजच नेता येते का?" शेवंताबाईंनी विचारलं.

कमलताई म्हणाल्या, "आधी कागद."

भाऊरावांचा शाळा सोडल्याचा दाखला पाहून देशकरकाकांनी दाखला टेबलावर ठेवला आणि बोटानं पुढे सरकवला. "एकोणपन्नास."

"थे वय माह्यं नाही, साहेब."

"दाखला तुमचा आहे ना?"

"दाखला माह्या नावाचा आहे. वय माह्या भावाचं आहे."

झालं होतं ते असं. त्यांच्या आईला पहिला मुलगा झाला, त्याचं नाव भाऊराव. तो चार वर्षांचा होऊन गेला. पुढच्या वर्षी दुसरा झाला. गावातल्या जाणत्या बायांनी सांगितलं, गेला तोच परत आलाय, नाव तेच ठेव. ठेवलं. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी जन्मतारखेसाठी कोतवाल बुक मागवलं. गावातले जन्म-मृत्यू कोतवालाच्या त्या वहीत लिहिलेले असतात. गुरुजींना 'भाऊराव' दिसला, त्यांनी तारीख उतरवली. एवढंच.

"चव्वेचाळीस वर्षं झाली," भाऊराव म्हणाले, "मी कागदावर त्याचंच वय जगून राहिलो."

देशकरकाकांनी दाखला पुन्हा उचलून पाहिला. मग म्हणाले, "कोतवाल बुकाची नक्कल आणा. तिच्यात दुसरा जन्मही असेल."

जाताना शेवंताबाईंनी झबलं पिशवीत परत ठेवलं. संत्री ठेवून गेल्या.

* * *

सगळेच पंचेचाळिसाला अडतात असं नाही. काही जण कमी वयामुळे अडतात.

एक सायकल दुरुस्तीवाला आला होता, अठ्ठावीस वर्षांचा. नखांत ग्रीस, पण शर्ट इस्त्रीचा. बरोबर बायको. आमच्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी होती, ती या बायकोच्या मेलेल्या बहिणीची. त्यांना तिलाच न्यायचं होतं. कमलताईंना तर आनंदच व्हायला हवा होता. पण कायदा म्हणतो की पुरुषानं मुलगी दत्तक घ्यायची तर दोघांत एकवीस वर्षांचं अंतर हवं. इथे एकोणीस.

"दोन वर्षं कमी पडतात," कमलताई म्हणाल्या.

तो म्हणाला, "काही हरकत नाही, ताई. दोन वर्षं थांबतो."

मी उगाच टाइपरायटरची फीत सारखी केली. शेवटी कमलताईच म्हणाल्या, "अहो, दोन वर्षांनी तीही दोन वर्षांनी मोठी होईल."

त्यानं बायकोकडे पाहिलं, मग बोटांवर मोजलं. एकदा मोजून पटलं नाही म्हणून परत मोजलं. "म्हणजे मी कधीच नाही?"

कमलताईंनी दुसरी वाट सांगितली. कोर्टातून पालक म्हणून नेमून घ्या, सांभाळ करा, फक्त कागदावर बाप नाही. तो ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं एकच विचारलं.

"मंग तिनं मले काय म्हणायचं?"

* * *

एका अर्जाचा मात्र निकाल तीन मिनिटांत लागला. इंदोरा वस्तीतल्या एक शिक्षिका, बत्तीस वर्षांच्या, अविवाहित. म्युनिसिपालिटीच्या शाळेत नोकरी. छप्पन साली आईच्या कडेवर बसून दीक्षेला गेले होते, एवढी एकच आठवण त्यांनी मला अर्ज भरताना सांगितली. मुलगी हवी होती. कायद्याची काही अडचण नव्हती. अडचण समितीतल्या एका गृहस्थांना होती.

"बाई, तुमचं सगळं ठीक आहे. पण मुलीला बाप लागतोच ना?"

त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात चौपन्न मुलं आहेत, साहेब. सगळ्यांना बाप आहेत. सात वर्षांत एकही शाळेत आलेला नाही."

गृहस्थांनी सही केली. पेन चालेना, तर बाईंनी स्वतःचं दिलं.

* * *

नियमांच्या बाबतीत सखूबाईचा मात्र स्वतंत्र कारभार आहे. ती मूळची काटोलकडची. पंचवीस वर्षं लेकरं सांभाळतेय, आणि कोण लायक आहे हे ती स्वतः ठरवते.

आमच्याकडची बेबी चार वर्षांची, एक पाय पोलिओचा. आधी इथल्या कुटुंबांना विचारायचं असा दंडक. अकरा जणांना विचारलं. अकरा जणांनी बेबीचा चेहरा पाहिला, हसले, मग पाय पाहिला. मग स्वीडनहून एका जोडप्याची फाइल आली. वय अगदी महिन्यासकट लिहिलेलं, चव्वेचाळीस वर्षं सात महिने. दातांचा अहवाल. घराचे फोटो, बेबीसाठी रंगवलेल्या खोलीचासुद्धा.

देशकरकाका फाइलवर खूश. "याला म्हणतात कागद."

सखूबाईनं खोलीचा फोटो उलटसुलट करून पाहिला. "इतक्या मोठ्या खोलीत लेकरू एकटं झोपणार?"

"तिकडे तशीच पद्धत आहे," मी म्हटलं.

"अन् आजी?"

"आजी दुसऱ्या गावी राहते."

सखूबाईनं फोटो माझ्या टेबलावर टाकला. "मंग नापास."

कोर्टानं मात्र पास केलं. एप्रिलात ते दोघं बेबीला न्यायला आले. बाई उन्हानं लालबुंद. सखूबाईनं पाण्याचा पेला दिला, तर बाई म्हणाल्या, "ताक." सखूबाई आत गेली, ताक घेऊन आली. बाईंनी पेला घेतला आणि परत म्हणाल्या, "ताक." सखूबाईनं आणखी एक आणला. "ताक, ताक," बाई म्हणाल्या. तिसरा पेला. बाई बिचाऱ्या तिन्ही प्यायल्या.

मग त्यांच्याबरोबरच्या दुभाष्यानं हसत सांगितलं की त्यांच्या भाषेत ताक म्हणजे 'आभारी आहे'. आम्ही सगळे हसलो. सखूबाई आत निघून गेली.

दुपारी टॅक्सी आली. बेबी नव्या बुटांत, टॅक्सीत बसायला मिळणार म्हणून खुशीत. तिनं मागे वळून पाहिलं नाही. सखूबाई फाटकापर्यंत गेली. तिला त्या बाईंच्या कानावर काहीतरी घालायचं होतं. बेबी रात्री दचकते ते, वरण घट्ट लागतं ते, पाय दुखला तर सांगत नाही ते. टॅक्सीच्या खिडकीला दोन्ही हात धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "ताक."

* * *

भाऊरावांनी कोतवाल बुकाची नक्कल आणली तेव्हा जून संपत आला होता. काकांनी चष्मा पुसला, वाचली, पुन्हा वाचली आणि माझ्याकडे दिली. भाऊराव, जन्म. खाली चार वर्षांनी भाऊराव, मयत. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच बापाच्या नावापुढे नुसतं 'मुलगा'. नाव नाही.

"वय तर बसतं हो," काका म्हणाले. "पण कागदाप्रमाणे अर्जदार मयत आहे."

भाऊराव हसले. शेवंताबाईंनी पिशवीतून झबलं काढलं. या वेळचं वेगळं होतं, चांगलं वीतभर मोठं. कमलताईंनी मापानं ओळखलं. "अहो, हे सहा महिन्यांच्या बाळाचं झालं. तुम्हाला तान्हं मिळालं तर सैल होईल."

"तुमच्याकडचं तान्हंच आहे, ताई," शेवंताबाई म्हणाल्या. "माह्यं वाढून राहिलं ना."

दिवाळीनंतर दोघं आली तेव्हा झबलं नव्हतं. फ्रॉक होता.

तोवर आमच्याकडे शकू आली होती. कुणीतरी दवाखान्याच्या पायरीवर ठेवलेली, तेव्हा सात महिन्यांची. शेवंताबाईंनी तिला मांडीवर घेतलं, फ्रॉक अंगाला लावून पाहिला. बरोबर बसत होता. कमलताईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

त्या दिवशी देशकरकाकांनी चक्क एक युक्ती सांगितली. काका आणि युक्ती! म्हणाले, "जिनं दोघांना जन्म दिला तिनं येऊन सांगावं. माझी दोन मुलं, एक गेला, हा दुसरा. तिचा अंगठा घेऊ. समिती ऐकेल, मी ऐकवीन."

भाऊरावांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "थेच होणार नाही, साहेब. माय आजवर कधी दोन बोलली नाही."

त्या जाणत्या बायांनी तेव्हाच तिला बजावलं होतं. गेला म्हणशील, तर हा ऐकेल आणि हाही जाईल. तिनं ते चव्वेचाळीस वर्षं पाळलं होतं. नवऱ्यापाशी नाही, देवापाशी नाही, कधीच नाही.

भाऊरावांच्या खऱ्या वयालाही पंचेचाळीस पुरी व्हायला तेव्हा चार महिने उरले होते. मार्चनंतर दोन्ही भाऊराव नापास.

* * *

आजी आल्या त्या यंदाच्या फेब्रुवारीत. नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात काठी. तीन महिने नाही म्हणून शेवटी आल्या, त्या फक्त पोट्टीला, म्हणजे शकूला, पाहायला, असं भाऊरावांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. पाहायला तर पाहायला. काकांनी कोरा कागद आणि शाईचा पॅड टेबलावर मांडून ठेवला.

काका गोड आवाजात म्हणाले, "आजी, तुम्हाला मुलं किती?"

"एक."

"आठवून सांगा."

"एकच हाय. थो काय बसला."

"ह्यांच्या आधी एक होता ना?"

"हाच होता."

"अहो, पण कोतवाल बुकात…"

"कोतवाल का माह्या बाळंतपणाले आलता?"

सखूबाई दारात उभी होती. ती खुदकन हसली. काकांचे कान लाल झाले. कमलताईंनी समजावलं, शेवंताबाईंनी पाय धरले. शेवटी भाऊराव आईजवळ खाली बसले.

"माय, मी पंचेचाळीसचा होऊन राहिलो. आता कुठी जातो मी?"

आजींनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "तू चूप राह्य."

काकांनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात सखूबाईच्या कडेवरच्या शकूला कंठ फुटला. दहा महिन्यांची झालीय, दिवसभर काहीतरी बडबडते. आजींनी हात पुढे केले. सखूबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग शकूला त्यांच्या मांडीवर ठेवलं. शकूनं आजींच्या गळ्यातल्या पोतीला हात घातला आणि पोतीशीच बोलायला लागली.

आजी हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा.

मी ऑफिसात फारशी बोलत नाही. पण सगळेच इतके गप्प होते की मलाच ओशाळं झालं. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "आजी, तुमचे भाऊराव कधी बोलायला लागले होते हो?"

आजींची नजर शकूवरच होती.

"कोणता?" त्या म्हणाल्या.

देशकरकाकांनी पेनाचं टोपण काढलं.